गाडीच्या रंगावरचे क्षारांचे डाग काढताना

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आमच्या गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर तिरपे ऊन पडले होते, आणि त्या उन्हात मला पहिल्यांदा ते डाग नीट दिसले. दुरून पाहिले तर धूळ बसल्यासारखे वाटत होते, पण जवळ गेल्यावर प्रत्येक डाग म्हणजे एक वर्तुळ आहे, मधला भाग जवळजवळ स्वच्छ आहे आणि कड मात्र पांढरी, जाड आणि ठसठशीत आहे, हे लक्षात आले. ओल्या फडक्याने पुसले की ते नाहीसे होत आणि रंग वाळला की पुन्हा उमटत. टप, बॉनेट आणि डिकीचे झाकण या आडव्या भागांवर ते दाटीने होते, तर दारांवर पाणी ओघळून जाते त्या रेषांमध्ये तुरळक होते. गाडी 2018 मधली आहे आणि पहिली पाच वर्षे आम्ही कोथरूडला राहत असताना तिच्यावर असा एकही डाग पडला नव्हता. वाघोलीला राहायला आल्यावर एका वर्षाच्या आत रंगाची ही अवस्था झाली, म्हणून डाग काढण्याआधी ते आले कुठून हे शोधायचे मी ठरवले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. दुष्फेन पाण्याचा, म्हणजे साबणाचा फेस होऊ न देणाऱ्या क्षारयुक्त पाण्याचा, धडा दरवर्षी येतो, त्यामुळे संशय पाण्यावरच जाणे साहजिक होते. आमच्या संकुलात बोअरचे आणि टँकरचे पाणी एकत्र करून टाकीत सोडले जाते. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झिरपून आलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे असतात, आणि खडकातून सुटलेली सिलिकाही, म्हणजे वाळूतला मुख्य घटकही, असते. असे पाणी वाळताना त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेले बायकार्बोनेट न विरघळणाऱ्या कार्बोनेटच्या रूपात मागे राहते. थेंबाच्या कडेला बाष्पीभवन सर्वांत जलद होत असल्याने आतले पाणी सतत कडेकडे सरकते आणि क्षार तिथेच नेऊन टाकते. कड पांढरी आणि मध्य स्वच्छ का, याचे कारण हेच.

पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा लिटरला मिलिग्रॅममध्ये अंदाज देणारा टीडीएस मीटर घरात होताच. नळाच्या पाण्याचा आकडा 860 आला. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या एकूण घटकांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे, म्हणजे आमचे पाणी जड असले तरी अगदी अनपेक्षित नव्हते. कोथरूडला भावाच्या घरी जाऊन मोजले, तर तिथे धरणातून येणाऱ्या महापालिकेच्या पाण्याचा आकडा 80 होता. तरीही माझे समाधान होईना, कारण आमच्याच संकुलातल्या इतर गडद रंगाच्या गाड्यांवर डाग होते खरे, पण आमच्याइतके दाट कोणावरच नव्हते.

उत्तर आमच्याच घराच्या बाल्कनीत ठेवलेल्या पिंपात सापडले. उन्हाळ्यात पाणीटंचाई असते म्हणून आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मी जानेवारीपासून त्या पिंपात साठवत होते आणि सकाळी गाडी धुणाऱ्या दादांना त्यातल्या दोन बादल्या भरून देत होते. पाणी वाया जाऊ नये एवढाच हेतू होता. त्या पिंपात मीटर बुडवला, तर आकडा 1280 आला. आरओ यंत्र पिण्याच्या पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते बाजूला काढून उरलेल्या पाण्यात ढकलते, हे मला ठाऊक होते. पण ते ज्ञान आणि ती बादली यांची सांगड मी कधी घातली नव्हती. मग कागदावर हिशोब मांडला. धुतल्यावर गाडीवर रोज अर्धा पेला, म्हणजे सुमारे 100 मिलिलिटर पाणी न पुसता वाळत असेल, असे धरले तरी त्यातून रोज 128 मिलिग्रॅम क्षार रंगावर राहतात आणि 90 दिवसांत ते साडेअकरा ग्रॅम होतात. चहाचे दोन चमचे भरून क्षार मी स्वतःच्या हाताने गाडीवर पसरवले होते. दादांचा यात काहीही दोष नव्हता, त्यांना जे पाणी दिले त्याने त्यांनी गाडी धुतली.

पाणी त्याच दिवशी बदलले. आता प्रश्न डागांचा होता, आणि या प्रश्नावर सल्ला द्यायला वाहनतळावरचे प्रत्येक जण तयार होते. कोणी टूथपेस्ट सुचवली, कोणी भांडी घासायची हिरवी जाळी आणि साबण. एका काकांनी फरशी साफ करायचे ॲसिड पाण्यात मिसळून लावायला सांगितले. ते आपुलकीने बोलत होते, पण हा उपाय मी कोणालाही करू देणार नाही. ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते क्षार घालवते हे खरे, पण क्रोमची पट्टी, ॲल्युमिनियमचे भाग, रंग उडालेल्या जागी उघडा पडलेला पत्रा आणि आपली फुप्फुसे यांतले काहीच ते सोडत नाही. बाजारात मिळणाऱ्या काही कडक डागनाशकांत फ्लोराइडयुक्त आम्ले असतात. ती कातडीतून आत शिरतात, जखम उशिरा जाणवते आणि ती गंभीर असते, म्हणून बाटलीवरची घटकद्रव्ये वाचल्याशिवाय असे काही घरी आणू नये. रस्त्यावरच्या एका दुकानात पूर्ण गाडीला रबिंग करून वर सिरॅमिक कोटिंग करण्याचे 14,000 रुपये सांगितले गेले. डाग रंगाच्या वर बसले आहेत की रंगात उतरले आहेत, हे मात्र तिथे कोणी हात लावूनही पाहिले नाही. मी परत आले.

माझा भाचा चाकणला वाहनांच्या रंगकामाच्या कार्यशाळेत काम करतो. त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, आधी हाताने किती निघते ते बघ. मशीन अगदी शेवटी. आणि सगळ्यात सौम्य औषधापासून सुरुवात कर.” पुढचे चार रविवार मी या एका वाक्याप्रमाणे काम केले.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला, पत्रा हाताला गार लागत असताना, गाडी सावलीत घेतली. कार शाम्पूने धुऊन धूळ पूर्णपणे काढली, कारण धुळीवरून कापड फिरवणे म्हणजे रंगावर वाळू घासणे. मग डिकीच्या झाकणावर कागदी चिकटपट्टीने फूटभर चौकोन आखला आणि सर्व प्रयोग आधी त्या चौकोनात केले. किराणा दुकानात मिळणाऱ्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये साधारण चार टक्के ॲसिटिक आम्ल असते. तेवढेच डिस्टिल्ड वॉटर त्यात मिसळले. बॅटरीच्या दुकानात हे पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळते. नळाचेच पाणी मिसळले असते, तर एकीकडे क्षार काढायचे आणि दुसरीकडे घालायचे असे झाले असते. मायक्रोफायबरचे कापड त्या मिश्रणात भिजवून चौकोनावर नुसते अंथरले आणि घासले नाही. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळून कॅल्शियम ॲसिटेट होते, ते पाण्यात सहज विरघळते. या क्रियेला जोर लागत नाही, वेळ लागतो. दोन मिनिटांनी कापड उचलले, डिस्टिल्ड वॉटरने धुतले, पुसले आणि पाहिले, तर पांढऱ्या कडांपैकी बऱ्याच गेल्या होत्या. आणखी दोन मिनिटे ठेवल्यावर उरलेल्यांतल्या काही गेल्या. तिसऱ्या वेळी मात्र काहीच फरक पडला नाही. एवढ्यावर व्हिनेगरचे काम संपते हे तिथे कळले, त्यामुळे पुढे कोणत्याही भागावर दोनपेक्षा जास्त वेळा ते लावले नाही.

संपूर्ण गाडीला हा उपाय करायला साडेतीन तास लागले, कारण एका वेळी बॉनेटचा चौथा हिस्सा एवढेच घ्यायचे आणि कापड वाळू द्यायचे नाही, असा नियम ठेवला होता. आठच्या सुमारास ऊन गाडीच्या पुढच्या चाकापर्यंत आले, तेव्हा काम थांबवून गाडी पुन्हा पुढे सावलीत घ्यावी लागली. उन्हात तापलेल्या पत्र्यावर आम्ल लावले, तर त्यातले पाणी उडून आम्ल तीव्र होते आणि जुन्या डागाच्या जागी नवा डाग उमटू शकतो. समोरच्या जाळीजवळ दगड लागून रंग उडालेली एक जागा होती, तिच्यावर आधीच चिकटपट्टी लावून ठेवली. शेवटी पुन्हा शाम्पूने धुतले, म्हणजे फटींत आम्ल राहणार नाही. या रविवारनंतर गाडी चार हातांवरून पूर्वीसारखी दिसू लागली. घरच्यांच्या मते काम झाले होते.

माझ्या मते ते झाले नव्हते. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटे बॉनेटवरून हलकेच फिरवली की नुसत्या बोटांना न जाणवणारा खरखरीतपणा कळतो, आणि तो अजून जाणवत होता. व्हिनेगर कार्बोनेट विरघळवते, पण सल्फेट त्याला फारसे दाद देत नाही आणि सिलिकेवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. इथे टीडीएस मीटरची एक मर्यादाही सांगायला हवी. हे यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून क्षारांचा अंदाज देते, आणि साध्या पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवर विद्युतभार जवळजवळ नसल्याने ती या मोजणीत येतच नाही. बेसॉल्टच्या प्रदेशात मीटरचा आकडा कमी दिसला तरी सिलिकेचा थर बसू शकतो, तो असा.

दुसऱ्या रविवारी क्ले वापरली. ही मळलेल्या कणकेसारखी मऊ, सिंथेटिक चिकणमाती असते. शाम्पूचे पातळ पाणी भरपूर फवारून तिची चपटी वडी रंगावरून सरळ रेषेत सरकवायची, गोल फिरवायची नाही आणि दाब तर मुळीच द्यायचा नाही. रंगावर चिकटून बसलेले कण ती ओढून आपल्यात घेते. सुरुवातीला ती अडखळत, कुरकुरत सरकते, आणि आठ-दहा वेळा फिरवल्यावर अचानक काचेवरून सरकावी तशी सरकू लागते. तो क्षण हाताला स्पष्ट कळतो, आणि मला या सगळ्या कामातला तो सर्वांत समाधानाचा भाग वाटला. वडी मळत गेली की दुमडून स्वच्छ बाजू वर घ्यायची. माझ्या हातून एक तुकडा खाली पडला, तो धुऊन वापरण्याचा मोह टाळून फेकून दिला, कारण त्यात रुतलेला एक खडा पूर्ण बॉनेटवर ओरखडा काढायला पुरेसा असतो.

त्या संध्याकाळी वाहनतळाचा दिवा बंद करून मोबाइलच्या विजेरीचा प्रकाश तिरपा टाकत मी सगळी गाडी पाहिली. रंग आता हाताला काचेसारखा गुळगुळीत लागत होता. तरीही बॉनेटवर आणि टपावर वर्तुळांचे फिकट ठसे दिसत होते. वर काहीही शिल्लक नसताना दिसणारा ठसा म्हणजे खड्डा. क्षार गेले होते, पण जाण्याआधी त्यांनी रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, उथळ कोरीवकाम करून ठेवले होते. थेंब वाळताना आक्रसतो तसे त्यातले द्रावण तीव्र होत जाते, आणि पुण्याच्या एप्रिलमधल्या उन्हात तापलेल्या गडद रंगाच्या पत्र्यावर ते त्या थरावर दिवसेंदिवस काम करत राहते. असे डाग कोणत्याही द्रवाने निघत नाहीत. खड्ड्याभोवतीचा थर खड्ड्याच्या तळापर्यंत घासून खाली आणणे, हा एकच मार्ग उरतो.

इथे घाई करणाऱ्याला मोठी किंमत मोजावी लागते, असे मला मनापासून वाटते. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून जो थर असतो तो साधारण 100 ते 150 मायक्रॉन जाडीचा असतो, आणि त्यातला क्लिअर कोट 40 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण तोच करतो. तो एकदा घासून गेला की परत येत नाही, दर दिवाळीला हौसेने रबिंग करून घेतलेल्या कितीतरी गाड्यांच्या टपावर पाच-सहा वर्षांत पांढरट चट्टे दिसू लागतात ते यामुळेच.

तिसऱ्या रविवारी भाचा जाडी मोजायचे यंत्र आणि ड्युअल ॲक्शन पॉलिशर घेऊन आला. बॉनेटवर यंत्राने 112 ते 118 मायक्रॉन असे आकडे दाखवले, टपावर 105 ते 110, आणि मागच्या डाव्या दारावर एकदम 240. त्या दाराला तीन वर्षांपूर्वी खरचटल्यावर दुरुस्ती झाली होती, तिथल्या पुट्टीचा आणि दुसऱ्या रंगाचा तो आकडा होता. भाच्याने एक गोष्ट बजावून सांगितली, ती अशी की हे यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवते आणि त्यातला क्लिअर कोट किती आहे हे सांगत नाही. त्यामुळे टपावर 105 दिसले म्हणून 105 मायक्रॉन खेळायला मिळाले असे कोणी समजू नये.

दुकानात सहसा वापरतात ते रोटरी यंत्र एकाच जागी गोल फिरते, तापते आणि कडेवर क्षणात रंग उडवते. ड्युअल ॲक्शन यंत्राची चकती फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे ते हळू कापते आणि नवशिक्याच्या हातून होणारी हानी कमी करते. चिकटपट्टीच्या त्याच चौकोनात आधी मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश लावून पाहिले. अर्धेअधिक ठसे गेले. मग थोडा कडक पॅड घेतला, पॉलिश तेच ठेवले, आणि जवळजवळ सगळे गेले. तेव्हा पॅड आणि पॉलिशची तीच जोडी पूर्ण गाडीसाठी ठरवली आणि कापणारे जाड कंपाउंड पिशवीतून बाहेर काढलेच नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, एका वेळी दीड-दोन फुटांचा चौकोन, यंत्राच्या वजनाहून थोडासाच जास्त दाब, आणि शेतात नांगर फिरावा तसे आधी उभे, मग आडवे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत अगदी संथ फिरवायचे. दारांच्या कडा, बॉनेटच्या उंचवट्याच्या रेषा आणि प्लास्टिकचे भाग यांवर आधीच पट्टी लावली होती, कारण कडांवर थर सर्वांत पातळ असतो. प्रत्येक चौकोनानंतर पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेत होतो. पॉलिशमधले तेल खड्ड्यांत भरून ते झाकते आणि काम झाल्याचा आभास निर्माण करते, आठवड्याने तेल उडाले की ठसे पुन्हा वर येतात.

बॉनेट दुपारी एकपर्यंत झाले आणि त्यावर एकही वर्तुळ उरले नाही. टपाला मात्र वेळ लागला. दोन हात फिरवून झाल्यावरही मध्यभागी सात ठसे दिसत होते. मी तिसरा हात फिरवायला निघाले, तेव्हा भाच्याने जाडी मोजायचे यंत्र पुन्हा लावले. आकडा 103 होता. यंत्राची चूक दोन-तीन मायक्रॉनची धरली, तर नेमके किती गेले हे सांगता येत नव्हते, पण काहीतरी गेले होते हे निश्चित. तो म्हणाला, “हे सात राहू दे, मावशी. ते काढायला जेवढे घासावे लागेल तेवढे टपाला परवडणार नाही.” मी थांबले. टप दिवसभर उन्हाला सामोरे असते, आणि तिथला प्रत्येक मायक्रॉन मला त्या सात ठशांपेक्षा मोलाचा वाटला.

काचांबद्दल थोडक्यात सांगते. दारांच्या काचांवरचे डाग व्हिनेगरने बहुतेक गेले. पुढच्या काचेवर वायपरच्या कमानीत बसलेला थर सिलिकेचा असावा, त्याने दाद दिली नाही. तिथे सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून फेल्टच्या तुकड्याने हाताने चोळली, आणि चालकाच्या बाजूचा तेवढा भाग स्वच्छ करायला दोन तास गेले. ही पूड काचेसाठी आहे, रंगावर ती जाऊ देऊ नये. वायपरचे रबर मात्र बदललेच, कारण जुन्या रबरात अडकलेले कण स्वच्छ केलेली काच पुन्हा खराब करतात.

चौथ्या रविवारी सिंथेटिक सीलंट, म्हणजे रंगावर संरक्षक थर देणारे द्रव्य, लावले. या बाबतीत एक गैरसमज फार पसरलेला आहे. सीलंट, मेण किंवा सिरॅमिक कोटिंग लावले की डाग पडत नाहीत, असे सांगितले जाते. या थरांमुळे पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात, आणि असा थेंब उन्हात वाळला तर अधिक गोल आणि अधिक ठळक डाग सोडतो. थराचा उपयोग इतकाच की क्षार खाली रंगाला चिकटण्याआधी लवकर निघतात. थेंब वाळण्याआधी पुसणे याला मला तरी पर्याय सापडलेला नाही.

म्हणून खरा बदल सकाळच्या धुण्यात केला. दादांशी बसून बोलले, त्यांना ते आकडे दाखवले. ते म्हणाले, “ताई, पुसायला वेळ लागतो, तेवढ्यात माझ्या चार गाड्या होतात.” त्यांचे म्हणणे रास्त होते. आता ते आमची गाडी रोज न धुता आठवड्यातून दोनदा धुतात, महिन्याचे पैसे पूर्वीपेक्षा दीडशे रुपये जास्त घेतात आणि शेवटी मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलने गाडी पूर्ण कोरडी करतात. शेवटचे पाणी म्हणून मी त्यांना एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी गाळून, झाडांना फवारायच्या पंपात भरून देते. हवेतली वाफ थंड नळीवर जमून झालेले ते पाणी असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात, आमच्याकडे मीटरवर 15 दिसतो. एसी बंद असतो त्या महिन्यांत बॅटरीचे पाणी वापरतो. आरओच्या पाण्याचे पिंप अजूनही बाल्कनीत आहे, ते फरशी पुसायला आणि शौचालयात जाते.

मृगाचा पाऊस आला, तेव्हा टपावरचे पाणी अजिबात न पुसता मी मुद्दाम वाळू दिले. पहिल्या सरीने हवेतली धूळ खाली आणल्यामुळे मातकट ठिपके पडले, ते ओल्या कापडाने एका हातात निघाले आणि मागे काही राहिले नाही. आता नवा डाग दिसतो तो फक्त बाजूच्या आरशांखाली, कारण गाडी पुसून झाल्यावरही आरशाच्या कवचात साठलेले पाणी दहा-पंधरा मिनिटे दारावर ओघळत राहते. त्यासाठी एक छोटे फडके दादांच्या बादलीच्या कडीला बांधून ठेवले आहे. टपावरचे सात ठसे तसेच आहेत, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिले तरच दिसतात.